जोडीचे नाव

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत फक्त एका मात्रेचा फरक आहे, आणि बारशाला जमलेल्या मंडळींना ती मात्रा सहसा दिसत नाही. आत पाळण्याशी नाव ठेवून होते न होते, तोच बाहेर घुगऱ्या खाता खाता त्या नावाला नावे ठेवण्याचे काम सुरू झालेले असते. "नाव बरं आहे, पण जरा जड आहे." "आमच्या जावेच्या भाचीचं हेच होतं, कायम आजारी असायची." एखादी स्पष्टवक्ती बाई तर सांगूनच टाकते, "आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्रीचं हेच आहे, पण शोभतं तिला."

तरीही पहिल्या मुलीचे नाव ठेवणे त्या मानाने सोपे. नाव चांगले असले की झाले. खरी परीक्षा दुसरी मुलगी झाल्यावर सुरू होते. दुसरीचे नाव नुसते चांगले असून भागत नाही. ते पहिलीच्या नावाला शोभावे लागते. महाद्वार रोडवर साडी हातात घेऊन तिला जुळणाऱ्या ब्लाउजपीससाठी दुकानामागून दुकाने पालथी घालणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. मुलींच्या आईबापांची अवस्था तशीच होते. फरक इतकाच, की ब्लाउजपीस परत करता येतो.

मुलग्यांच्या बाबतीत एवढे कोणी मनावर घेत नाही. थोरला 'रणवीर' आणि धाकटा 'पिंट्या' असला तरी घर सुखाने चालते. पुढे दोघेही भाऊ, दादा, अण्णा यांपैकी काहीतरी होणारच असतात. मूळ नाव विचारतो कोण?

बहिणींची नावे जुळवण्याची ही हौस आजकालची नव्हे. महाभारतातल्या काशीच्या राजाला तीन मुली होत्या. अंबा, अंबिका आणि अंबालिका. राजेलोकांना वेळ कमी. त्याने दर मुलीमागे एकेक अक्षर वाढवले आणि राज्यकारभाराला मोकळा झाला. चौथी झाली असती तर तिला हाक मारताना दासींना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला असता. नावे इतकी एकजीव, की भीष्मांनीही निवड करण्याच्या भानगडीत न पडता तिघींना एकदमच रथात घातले. जनकाकडे मात्र जमले नाही. सीता, ऊर्मिला, मांडवी इथपर्यंत ठीक होते, पण चौथी एकदम श्रुतकीर्ती! अर्थात मांडवी आणि श्रुतकीर्ती या जनकाचा भाऊ कुशध्वज याच्या मुली. दोन बिऱ्हाडांचे नावांवर एकमत झाल्याचे उदाहरण पुराणातही नाही.

आम्हा कोल्हापूरकरांची तर नदीच मुळी पाच बहिणींची आहे. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. प्रयाग चिखलीजवळ त्या एकत्र येतात, त्यांची पंचगंगा होते आणि ती पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. यांतल्या कुंभी आणि कासारी यांची जोडी अशी जमली, की कुडित्र्याच्या साखर कारखान्याला दोघींचे मिळून एकच नाव आहे. भोगावतीला जोडीदारीण मिळाली नाही, तर तिच्या एकटीच्या नावाने परित्याला वेगळा कारखाना झाला. तुळशीच्या वाट्याला धरण आले. पाचवी सरस्वती मात्र गुप्त आहे. मोजताना पाच मोजतात, पण काठावर उभे राहिले की दिसतात चारच. या पाचवीकडे आपण पुढे येऊ.

आमच्या अंबाबाईलाही बहीण आहे, त्र्यंबोली. लोक तिला टेंबलाई म्हणतात. अंबाबाई आणि त्र्यंबोली, म्हणजे थोरलीच्या नावाला पुढेमागे थोडी डागडुजी करून धाकटीला दिल्यासारखे. नावे जुळली तरी बहिणी त्या बहिणीच. दैत्याचा वध झाल्यावर विजयाच्या सोहळ्याला धाकटीला बोलावणे राहून गेले, आणि ती रुसून गावाबाहेरच्या टेकडीवर पाठ फिरवून बसली, अशी कथा आहे. आजही नवरात्रात ललिता पंचमीला थोरलीची पालखी समजूत काढायला टेकडीवर जाते आणि तिथे कोहळा फुटतो. ज्या घरात दोन मुली आहेत त्या घरातल्या माणसाला ही कथा समजायला पुराणिकबुवा लागत नाही.

आणि मंगेशकर भगिनी? लता, मीना, आशा, उषा. चारही नावे दोन अक्षरांची, चारही आकारान्त. यांतल्या थोरलीचे नाव आधी हेमा होते. वडिलांच्या नाटकातल्या लतिका या पात्रावरून ते पुढे लता झाले. पण बदललेले नावही दोन अक्षरांतच बसले, हे लक्षात घ्या. नंतर १९३७ साली मुलगा झाला. त्याचे नाव हृदयनाथ! चार मुली मिळून आठ अक्षरे आणि एकट्या मुलाला पाच. मी कॉमर्सचा माणूस. अशा ठिकाणी माझे लक्ष सुरांआधी बेरजेकडे जाते.

काउंटरवर वीस वर्षे काढल्यावर माझ्या असे ध्यानात आले आहे, की बहिणींची नावे जुळवणाऱ्या आईबापांचे तीन पंथ आहेत.

पहिला पंथ यमकवाल्यांचा. अनिता, सुनीता, विनीता, माया, छाया, रेखा, सुरेखा. हा पंथ जुना आणि कष्टाळू. यात धोका एकच. यमकाचा शब्द संपतो, पण मुली होत राहतात. आशाच्या पाठीवर यमक साधायला गेले तर निराशाच हाती येते.

दुसरा पंथ आद्याक्षरवाल्यांचा. स्मिता, संगीता, सविता, सुजाता. ऐकायला गोड, पण बाप एक, आडनाव एक आणि चौघींचे पहिले अक्षरही एक, म्हणजे चौघींच्या सह्या एकसारख्या. अशा एका घरच्या चार पासबुकांची दर महिन्याला घरातच अदलाबदल होई, आणि ज्या मुलीच्या खात्यात पैसे असत तिचे पासबुक ज्या मुलीच्या खात्यात नसत तिच्याकडे सापडे. योगायोग म्हणा.

तिसरा पंथ अर्थवाल्यांचा. यांत फुलेवाले येतात, नद्यावाले येतात, नक्षत्रवाले येतात. हल्ली संपदा, समृद्धी, प्रगती अशी नावे एका माळेत ओवणारेही दिसतात. त्यांच्या मुलींना हाक मारली की माझ्या टेबलावरच्या मुदत ठेवींची माहितीपत्रके एकदम मान वर करून पाहताहेत असा मला भास होतो.

पण हे सगळे जमवून तरी काय? एके काळी जोडीच्या नावाचे आयुष्य लग्नापर्यंतच असे. लग्नात तांदळाचे ताट पुढे येई, नवरा सोन्याच्या अंगठीने तांदळात नाव लिही, आणि बापाने रात्र रात्र जागून जुळवलेले नाव दोन मिनिटांत पुसले जाई. देवराष्ट्रेच्या यमुनेची रमाबाई रानडे झाली. कल्याणच्या यमुनेची आनंदीबाई जोशी झाली. ती अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर होऊन आली, पण यमुना म्हणून काही परत आली नाही. हा प्रकार मला फार दिवस अन्यायाचा वाटत होता. तसा तो आहेही. पण प्रत्येक अन्यायाच्या खात्यावर एखादी तरी उलटी नोंद असते, आणि ती मला माझ्याच घरात सापडली. ती सांगण्यासाठी आधी आमच्या धाकटीच्या जन्मापाशी जावे लागेल.

आमच्या थोरलीचे नाव सई. ती झाली तेव्हा नर्सबाईंपासून रिक्षावाल्यापर्यंत जो तो म्हणाला, "पहिली बेटी, धनाची पेटी." धन कुठे दिसले नाही, पण ऐकायला बरे वाटले. चार वर्षांनी, २०१४ साली, धाकटी झाली आणि माझ्या लक्षात आले की पहिल्या मुलीसाठी मराठीत म्हण आहे, दुसरीसाठी नाही. भाषेनेच हात आखडता घेतलेला. लोक विचारत, "दुसरीही मुलगीच का?" या वाक्यातले 'ही' आणि 'च' काढून टाका, मग बघा किती सोज्ज्वळ प्रश्न आहे. पण ते दोन कण जिभेवरून कोणाच्याच सुटत नव्हते. मी जिलेबीचा बॉक्स घेऊन बँकेत गेलो तर एक सहकारी जिलेबी तोंडात असतानाच मला धीर देऊ लागले. "असू दे हो. हल्ली मुलीच बघतात आईबापांना." तोवर मला धीराची गरज आहे हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

घरी मात्र नाव शोधण्याचे काम जोरात सुरू झाले. सईला शोभेल असे नाव! पहिल्याच संध्याकाळी जो शब्द सगळ्यांच्या तोंडी आला तो जुई. तो सगळ्यांनी लगेच बाद केला; कारण जे सगळ्यांना सुचते ते ठेवायचे तर एवढी माणसे जमवायची कशाला? मग यमक पुढे सरकले. मुई, सुई, रुई. रुई हे हातकणंगले तालुक्यातले गाव आहे आणि तिथल्या माणसांना काय वाटेल, या मुद्द्यावर ते मागे पडले. सासऱ्यांना इतिहासाची आवड. ते म्हणाले, "सई म्हणजे सईबाई. मग दुसरी येसूबाई ठेवा, येसू." यावर माझ्या आईने नम्रपणे आठवण करून दिली, की सईबाई आणि येसूबाई सासू-सून होत्या, आणि सासू-सुना एका पाळण्यात घालण्याइतके आमचे घर मोठे नाही.

मेहुणीने पुण्याहून 'ऋतुपर्णा' पाठवले. नाव सुरेख होते. पण माझ्या बायकोची एक कसोटी होती. ती गॅलरीत जाऊन प्रत्येक नाव सईच्या जोडीने हाक मारून बघायची. "सई… ऋतुपर्णा… जेवायला या!" हाक संपेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, "कोण यायचंय जेवायला? किती पानं आहेत?"

पत्रिका करायला दिली तर हस्त नक्षत्र निघाले, तिसरा चरण, आणि अक्षर आले 'ण'. आता 'ण' हे मराठीत शब्दाच्या शेवटी आनंदाने राहते, पण सुरुवातीला यायचे नाव काढत नाही. आमच्या ऑफिसातही अशी दोन-तीन अक्षरे आहेत. गुरुजींनीच तोड काढली. "पत्रिकेत ण असू दे. व्यवहारात काय हवं ते ठेवा." जगातल्या निम्म्या अडचणी या एका वाक्याने सुटतील.

राहता राहिला मान. नाव ठेवायचे ते आत्याने. मला बहीण नाही. त्यामुळे आत्यापणाचा मान एक पिढी मागे सरकून माझ्या आत्याकडे, म्हणजे आत्तीकडे गेला. आमच्याकडे आत्याला आत्ती म्हणतात. आत्ती तेव्हा सासष्ट वर्षांची होती. आणि आत्तीच्या नावाची हकिकत आता सांगतो.

आमचे मूळ गाव कराडच्या बाजूचे, नदीकाठी. आजोबांना पहिली मुलगी झाली, तिचे नाव त्यांनी गंगा ठेवले. दुसरी झाली, ती यमुना. तिसरी गोदावरी. माणूस अर्थपंथी होता, शिस्तीचा होता. मग चौथी मुलगी झाली. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, त्याला प्रीतिसंगम म्हणतात. म्हणजे दोन नद्या रोज डोळ्यांसमोर वाहत होत्या आणि दोन्ही नावे मोकळी होती. पण आजोबांकडच्या नद्या संपल्या नव्हत्या. धीर संपला होता. चौथीचे नाव त्यांनी नकुशा ठेवले.

सातारा भागात हे नाव नवीन नव्हते. नको असलेली ती नकुशा, नकोशी. असे नाव ठेवले की देव समजून घेतो आणि पुढच्या खेपेला मुलगा देतो, असा समज. लोक मुलग्यांची नावेही धोंडू, दगडू ठेवत. पण ती जीव जडल्यामुळे. काळाने फसावे, धोंडा समजून सोडून जावे आणि पोरगा जगावा, म्हणून. दगडूच्या नावामागे माया लपलेली असे. नकुशाच्या नावामागे काही लपलेले नसे. आत्तीच्या पाठीवर आमचे वडील झाले, आणि नाव लागू पडले म्हणून गावाने आजोबांची पाठ थोपटली. त्या श्रेयात आत्तीला वाटा मिळाल्याचे मी कधी ऐकले नाही.

शाळेत हजेरी झाली की ती 'हजर' म्हणायची नाही, नुसता हात वर करायची. लग्न झाले ते एका शिक्षकाशी. त्यांनी तांदळात अंगठीने 'सुमन' लिहिले. ज्या ताटाला मी इतकी वर्षे नावे ठेवीत होतो, त्या ताटानेच तिला नाव दिले! इतर बायका माहेरी आल्या की आपल्या नावात येतात. आमची आत्ती सासरी परत गेली की आपल्या नावात जायची. माहेरी भाऊबीजेला गंगाक्का, यमुनाक्का, गोदाक्का अशी हाक व्हायची आणि शेवटी नुसते "आणि ती कुठाय?"

आत्तीचे यजमान २००८ साली वारले आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचे काम निघाले. शाळेच्या दाखल्यावर नकुशा, बाकी सगळीकडे सुमन. अशा वेळी प्रतिज्ञापत्र लागते. मी तिला घेऊन वकिलाकडे गेलो. मजकूर ठरलेला असतो: 'सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.' वकिलांनी तो वाचून दाखवला. आत्ती म्हणाली, "एकच कशी? दोघी येगळ्या हाईत."

वकील माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "आत्ती, सरकारला तसं लिहून द्यावं लागतं."

"दे की मग लिहून. पर मला इचारलंस तर दोघी येगळ्या हाईत." आणि तिने सही केली. सुमन.

पुढे २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्याला एक समारंभ झाला. जिल्ह्यातल्या २८५ नकुशांना नवी नावे देण्यात आली. मुलींनी स्वतःची नावे स्वतः निवडली. आत्तीने ती बातमी चष्मा लावून दोनदा वाचली, कात्री मागितली, कात्रण कापले आणि पोथीत ठेवले. तिच्या तोंडून एवढेच निघाले, "बरं झालं. पोरीस्नी लगीन होईस्तोवर थांबाय लागलं न्हाई."

आता पंचगंगेतली ती पाचवी, गुप्त बहीण. २००१ च्या जनगणनेत आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. गर्भलिंगचाचणीला महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा करून आळा घातला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी आकडा हा. बँकेतले जुने लोक सांगतात, की हाताने खातेवह्या लिहायच्या काळात तेरीज दोन पैशांनी चुकली तर सगळी शाखा रात्री दहापर्यंत अडकून पडायची. इथे दर हजारामागे शंभराहून अधिक मुली जमेला धरता येत नाहीत, आणि कोणाचाही डबा घरी थंड होत नाही. नकुशा निदान जन्माला तरी आली. तिला वाईट का होईना, नाव होते. या पाचवीला तेही नाही. ती मोजतानाच आहे, दिसताना नाही.

असो. हलक्याफुलक्या लेखात आकडे फार आणू नयेत. ते आपल्या जागी नीट बसत नाहीत, आणि बसले की उठत नाहीत.

बारशाच्या आदल्या दिवशी आत्ती कोल्हापूरला आली. तोवर आमच्याकडे सत्तावीस नावांची यादी झाली होती. मी ती तिला वाचून दाखवली. ती सुपारी कातरत ऐकत होती. सत्ताविसावे नाव झाल्यावर म्हणाली, "ह्यातलं सईच्या जोडीचं कंचं?"

माझी आई म्हणाली, "वन्सं, जोडीचं पाहिजे असं काही नाही आता. वेगळी माणसं, वेगळी नावं. हल्ली असंच म्हणतात."

"हल्लीचं ऱ्हाऊ दे," आत्ती म्हणाली. "पयल्या पोरीचं नाव कुनीबी हौसेनं ठेवतंय. दुसरीचं नाव जोडीचं ठेवलं, म्हंजे तिला मोठी झाल्यावर कळतंय, की आपुन यायच्या आधीच आपली जागा धरून ठेवल्याली हुती. तीन बहिनींच्या जोडीत बसंना असं नाव घेऊन मी सतरा वरसं काढल्यात. मला इचारा."

कोणी काही बोलले नाही. बायको उठली, पोरीला तिच्या मांडीवर दिले आणि म्हणाली, "आत्ती, तुम्हीच सांगा."

"सईच्या जोडीला जुई. त्यात काय इचार करायचा?"

दुसऱ्या दिवशी आत्तीने पाळण्यात वाकून धाकटीच्या कानात 'कुर्र' करून तेच नाव सांगितले. रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्तीच्या पाठीत धपाटे घातले. बाहेर लगेच घुगऱ्यांबरोबर दुसरे काम सुरू झाले. "जुई? फार कॉमन आहे हो." "आमच्या सोसायटीत तीन आहेत." आत्ती आतून ऐकत होती. तिचा चेहरा मात्र असा होता, की समोरच्याला पाहिजे तेवढी नावे ठेवू द्यावीत. ठेवायचे ते ठेवून झाले आहे.

पुढच्याच महिन्यात, २०१५ च्या जानेवारीत, सरकारची सुकन्या समृद्धी योजना आली. एका घरातल्या दोन मुलींची खाती. जुळ्यातिळ्यांचा अपवाद सोडला तर तिसरीला नाही. मी सई आणि जुईचे अर्ज एकदमच भरले. तेव्हापासून काउंटरवर दोन मुलींचे अर्ज घेऊन कोणी आला, की मी रकमेआधी नावे वाचतो. थोरली शर्वरी आणि धाकटी शाल्मली असली, की ओळखावे, या घरात दुसऱ्या खेपेलाही गोड वाटले. थोरलीचे नाव कोशातून काढलेले आणि धाकटीचे कोणी सुचवले तर लिहून टाकलेले असले, की मी त्या अर्जावर शिक्का जरा जपून मारतो. बँकेच्या नियमांत हे बसत नाही, पण नियमांत न बसणारे एवढेच एक काम मी करतो.

नव्या बापांना मी फुकटचा सल्लाही देतो. जन्माचा दाखला नावाशिवाय काढता येतो. नाव घालायला पहिले वर्षभर फी नसते, नंतर फी भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. तेव्हा घाई करू नका, पण हयगयही करू नका. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नावही बसवले आहे. मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. म्हणजे आता धाकटीचे नाव थोरलीला शोभून भागणार नाही, ते आईलाही शोभावे लागेल. गॅलरीतून हाक मारणे आणखी लांबणार!

सई आता पंधरा वर्षांची आहे आणि जुई अकराची. दोघींची नावे जुळतात, एवढी एक गोष्ट सोडली तर दोघींचे काहीही जुळत नाही. एकीला पंखा लागतो, दुसरीला थंडी वाजते. महिन्यातून एकदा तरी टेंबलाई रुसून टेकडीवर जाते आणि अंबाबाईला समजूत काढायला जावे लागते. पण कोणी एकीला हाक मारली तर दोघी "ओ" देतात. आम्ही हाक एकत्रच मारीत आलो, त्याचा हा परिणाम असावा.

गेल्या दिवाळीत आत्ती आली होती. तिने पोथी उघडली तेव्हा ते कात्रण खाली पडले. जुईने वाचले, मग नकुशा म्हणजे काय ते विचारले, मग गंगा, यमुना, गोदावरी ही नावे बोटांवर मोजली. चौथ्या बोटाशी ती थांबली. ताईशी काहीतरी कुजबुजली. आणि जेवायची वेळ झाली तेव्हा दोघींनी दारात उभे राहून हाक मारली, "कृष्णाआजी, जेवायला ये गं!"

"ह्या वयात?" आत्ती म्हणाली. पण उठली.

बँकेच्या नोंदीत तिचे हे तिसरे नाव अजून चढलेले नाही. चढवायचे म्हटले तर पुन्हा प्रतिज्ञापत्र करावे लागेल, आणि तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे ती लिहून देईल याची मला अजिबात खात्री नाही.